शेखरभाऊंची गाडी अडखळत नाही

बाळाराम घरतने तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्र्याचे कॉईल भरून ट्रेलर चालवला. पुढे कोणाची गाडी नवी, कोणाचा शेठ चांगला, कोणाला लांबची फेरी मिळाली, यावरून यार्डात रोज कुरबुरी चालायच्या. बाळाराम त्यात कधी पडला नाही. हेवा म्हणजे काय ते त्याला साठी उलटल्यावर, स्वतःच्या घरात, संगणकापुढच्या खुर्चीवर बसून कळलं.

तो करंजाड्याचाच, आगरी. जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली. भावबंदांनी दुकानं काढली, भाड्याचे गाळे काढले. बाळारामने गाडी सोडली नाही. “बसून खाल्ला तर आंग सुजतं,” असं तो म्हणायचा. घाटात चढणीला गियर कधी पाडायचा हे त्याला कानांनी कळायच्या आधी बुडाखालच्या थरथरीने कळायचं. कळंबोलीच्या यार्डात दोन उभ्या गाड्यांच्या मधे चाळीस फुटी ट्रेलर उलटा घालायचा तर लोक हाक मारायचे, “बाळारामला बोलवा.” तो यायचा, बिडी विझवायचा, आणि एका दमात घालून खाली उतरायचा.

मग डाव्या डोळ्याला काचबिंदू निघाला. बऱ्याच उशिरा कळलं. डॉक्टरने जड वाहनाच्या कागदावर सही केली नाही, आणि एका मंगळवारी बाळाराम जेवणाचा डबा परत घेऊन दुपारीच घरी आला. बायको येसूबाईने डबा उघडून पाहिला, भरलेलाच होता. तिने तेच जेवण ताटात वाढलं.

मुलगा मितेश नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता. जाताना त्याचा संगणक, मोठा पडदा, गेमचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं तो घरीच ठेवून गेला. दिवाळीला आला तेव्हा बाप गॅलरीत उभा राहून लांबच्या हायवेवरच्या गाड्या बघत होता. मितेशने त्याला हात धरून आत आणलं.

“पप्पा, बसा जरा. ट्रकचा गेम हाय.”

“ह्यो कंचा पोरखेळ?”

“बसून तर बघा.”

बाळाराम बसला तो जेवण गार होईपर्यंत उठला नाही. कोणीतरी त्या गेममध्ये आपल्याकडचे रस्ते घातले होते. ढाबे, टोलनाके, घाट, मागे नावं रंगवलेल्या गाड्या. आरशात मागचा ट्रेलर वळताना दिसला तेव्हा त्याला भरून आलं, पण मुलासमोर त्याने नाक शिंकरून वेळ मारून नेली. येसूबाई दारातून म्हणाली, “खोटी गारी चालवताव, मंग जेवान पन खोटाच वारू का?”

तेव्हापासून बाळारामचं बरं चाललं होतं. सकाळी चहा झाला की तो एकटाच हुबळीची फेरी मारायचा. गाडी लोण्यावरून चालावी तशी चालायची. तो सुखात होता, आणि चंद्रशेखर भेटला नसता तर तसाच राहिला असता.

चंद्रशेखर हा बाळाराम ज्या ट्रान्सपोर्टची गाडी चालवायचा त्याच्याच ऑफिसातला कारकून. मूळचा वाईकडचा, बारीक अंगाचा, खिशाला कायम पेन. मालाच्या बिल्ट्या लिहायच्या, गेटपासवर शिक्का मारायचा, कोणती गाडी कुठल्या गेटवर लावायची ते सांगायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला शेखरभाऊ म्हणत. निवृत्त होऊन तोही करंजाड्यातच, नव्या सोसायटीत राहायला आला होता. भाजी घेताना दोघांची गाठ पडली.

“काय बाळारामशेठ, वेळ कसा जातो?”

बाळारामने जरा लाजत गेमचं सांगितलं. चंद्रशेखरचा चेहरा उजळला. “अहो, मी पण तोच खेळतो की! आमची रविवारची लाईन असते. पंधरा-वीस जण ऑनलाइन जमतो आणि एकामागोमाग एक गाड्या काढतो. तुम्ही या. तुमच्यासारखा माणूस आला तर लाईनीला वजन येईल.”

बाळाराम घरी येईपर्यंत हसत होता. शेखरभाऊ गाडी चालवतो! या माणसाला त्याने तीस वर्षांत एकदाच केबिनमध्ये चढलेलं पाहिलं होतं, तेही आत राहिलेली फाईल काढायला. उतरताना पाय कुठे ठेवायचा हे सांगत त्याला हात धरून खाली घ्यावं लागलं होतं.

रविवारी सकाळी बाळाराम अंघोळ करून, कानाला हेडफोन लावून बसला. सुरुवातीच्या यार्डात एकेक गाडी येऊन उभी राहू लागली. चार आल्या, सहा आल्या, तोवर ठीक होतं. दहा झाल्या आणि पडदा अडखळायला लागला. गाडी पुढे जायची ती सरळ न जाता ठेचकाळत जायची, जुन्या रिळाचा सिनेमा मधूनमधून अडकतो तशी. स्टिअरिंग फिरवलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम जास्तच फिरलेलं असायचं. घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर पडदा थिजला. सुटला तेव्हा बाळारामचा ट्रक कठड्यात घुसलेला, ट्रेलर रस्त्यात आडवा, आणि मागे सगळी लाईन खोळंबलेली.

हेडफोनमध्ये हशा पिकला. सनी नावाचा एक गडी होता, तुर्भ्याला कारखान्यात सुपरवायझर. तो ओरडला, “काका, लायसन कोनी दिला तुमाला?”

बाळारामही हसला. हसण्यावाचून इलाजच नव्हता.  आणि सगळ्यात पुढून, वळण सुरेख काढून गेलेल्या पहिल्या गाडीतून, चंद्रशेखरचा शांत आवाज आला, “सावकाश, बाळारामशेठ. सवय होईल.”

सवय होईल! गियरची दांडी ज्याने उभ्या जन्मात हातात धरली नाही तो हे बाळाराम घरतला सांगत होता.

तो शब्द त्याला काट्यासारखा रुतला. आठवडाभर जेवताना, झोपताना तेच. पुढच्या रविवारी तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. एकटा असला की गाडी मख्खन, लाईनीत गेला की रखडपट्टी. चंद्रशेखरची गाडी मात्र वीस जणांतही पाण्यावरच्या होडीसारखी जायची. सनी लाईनीचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. बाळाराम ते पुन्हा पुन्हा बघायचा, चंद्रशेखरची चूक शोधायला. इथं वळणाआधी हॉर्न दिला नाही. इथं इंडिकेटर उशिरा. चूक सापडली की त्याला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं फार टिकायचं नाही, कारण गाडी तर वळणावरून गेलेलीच असायची. सकाळी फिरायला जाताना लांबून तो बारीक अंगाचा माणूस दिसला की बाळाराम रस्त्याच्या पलीकडे व्हायचा.

“त्याचा नाव निघाला का तुमचा तोंड आंबतं,” येसूबाई म्हणाली.

“कोनाचा नाव?”

“आता मीच सांगू का?”

त्याला वाटलं, नेटचा घोळ असणार. केबलवाल्याला बोलावून त्याने जलद नेट जोडून घेतलं. त्यामुळे एक गोष्ट सुधारली. इतरांचे ट्रक आधी मधेच गायब होऊन दहा हात पुढे उगवायचे, ते थांबलं. पण त्याचा स्वतःचा पडदा अडखळायचा तो अडखळतच राहिला. मग त्याने मितेशच्या मागे लागून नवं ग्राफिक्स कार्ड मागवलं. मितेशने एका ओळखीच्याला पाठवून बसवून दिलं. एकट्याने गाडी काढली तर काय दृश्य! रस्त्यावर सावल्या, झाडाला पान न् पान वेगळं, चारही आरशांत मागचा डोंगर. बाळाराम खूश झाला. रविवारची वाट बघत बसला. रविवारी लाईन जमली, आणि त्याच वळणावर त्याच कठड्याला गाडी जाऊन भिडली.

आता त्याला खात्री पटली की चंद्रशेखरकडे काहीतरी भारी यंत्र असणार. निवृत्तीचे पैसे त्याने त्यातच घातले असणार. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. एक दिवस पावशेर पेढे घेऊन तो सरळ त्याच्या घरी गेला.

चंद्रशेखरला अगदी मनापासून आनंद झाला. बायको मालतीबाईने चहा टाकला. “या ना भावजी,” ती म्हणाली, “हे तर तुमचं नाव सारखं घेतात. आणि माहीत आहे का, ती लाईनीतली पोरं यांना कॅप्टन म्हणतात!”

बाळारामने अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

मग त्याने यंत्र पाहिलं. कोपऱ्यात एक साधी जुनी पेटी, आत ना दिवे ना काच. पडदा त्याच्या पडद्याच्या निम्मा. चंद्रशेखरने कौतुकाने गेम लावून दाखवला. झाडं पुठ्ठ्याची कापून लावल्यासारखी. डोंगर म्हणजे नुसता हिरवा ढीग. आरसे तर जवळजवळ बंदच. एकात काय ते धुरकट दिसत होतं. बोलण्यासाठी त्याने संगणकही वापरला नव्हता, बाजूला मोबाइल टेकवून ठेवला होता. आणि असल्या दरिद्री चित्रात त्याची गाडी अशी सरळ, अशी मऊ चालली होती की बाळारामला बघवेना.

भारी यंत्र असतं तर एक वेळ चाललं असतं. यंत्राचा हेवा करून मोकळा झाला असता. पण माझ्याहून हलक्या पेटीवर हा माझ्याहून चांगला चालवतो, म्हणजे मग काय? म्हणजे हा चांगला ड्रायव्हर? 

“तुमचा कसा काय नाय अडकत?” एवढं एकच वाक्य विचारलं असतं तर चंद्रशेखरने तिथल्या तिथे सगळं सांगितलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण गाडी कशी चालवायची हे शेखरभाऊला विचारायचं? बाळाराम उठला. “चांगला हाय,” म्हणाला, आणि जिना उतरला. पेढ्याचा पुडा टेबलावर तसाच बांधलेला राहिला.

पुढच्या रविवारी लाईनीत दोन नवे गडी आले. सनी त्यांना ओळखी करून देत होता. “हे पुढं आहेत ना, आपले कॅप्टन शेखरभाऊ. घाटातला राजामाणूस. त्यांच्या मागं राहा, काही शिकाल.”

नेमका तेव्हाच बाळारामचा पडदा थिजला. ट्रक पुलाच्या खांबाला लागला. पुन्हा कोणीतरी खुदकन हसलं. आणि बाळारामच्या तोंडून निघून गेलं:

“अरे कसला कॅप्टन! ऑफिसात गेटपासवर शिक्के मारायचा तो. आयुष्यात कवा ट्रक चालवला नाय त्यानं. ट्रकमधून उतरायला पन माझा हात धरायला लागला हुता. मास्तर म्हनून कोनाला घेताव बगा जरा.”

 वीस इंजिनांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग चंद्रशेखर बोलला.

“खरं आहे. मी कधी ट्रक चालवला नाही.”

बाकी काही नाही. त्याने लाईन शेवटच्या यार्डापर्यंत नेली, नेहमीसारखी ओळीने लावली, सगळ्यांना “बरंय मग” म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

बाळारामला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला छान वाटलं. दात दुखायचा थांबावा तसं. लाईनीला म्होरक्या नव्हता, आणि अनुभवाने मोठा तोच. त्याने स्वतःहूनच गाडी पुढे घातली. यार्डातून निघताना आरशांत मागे सगळी लाईन दिसत होती, दिवे लावलेली, लांबच लांब. तीस वर्षांत त्याच्या मागे अशी लाईन कधी लागली नव्हती. त्याची छाती फुगली.

घाट लागला. वळणावर पडदा थिजला. बाळारामने घाबरून ब्रेक दाबून धरला. पडदा सुटला तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि मागचा त्याच्यावर, त्याच्या मागचा त्याच्यावर, अशी अख्खी लाईन एकमेकांत घुसली. दोन ट्रक कठडा तोडून खाली गेले. या वेळी कोणी हसलं नाही. एकेक नाव पडद्यावरून निघून गेलं, “चला, काम आहे,” “चला, आई हाक मारतेय.” शेवटी सनी एकटा उरला.

“काका, वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. “तुमच्या मशीनचं काय तरी करा. आनि शेखरभाऊंना तुमी ते बोलायला नको हुतं. मानूस रविवारची वाट बघायचा ओ.”

त्या दुपारी बाळाराम जेवला नाही. लेक मनस्वी घरी होती. ती पनवेलच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, आणि बापाची पाठ बघूनच तिला त्याचा मूड कळायचा. तिने हळूहळू सगळं काढून घेतलं. शेखरभाऊंना काय बोलला तेही. 

“पप्पा, माफी तुमची तुम्ही मागा. मशीनचं मी बघते.”

तिने संगणकाची पेटी स्कूटीच्या पायाशी ठेवली, बापाला मागे बसवलं, आणि वाशीला नंदिनीच्या दुकानात नेलं. नंदिनी चाळिशीची, संगणक जोडून द्यायचं दुकान एकटीने चालवणारी. तिने आधी झाकण उघडलं. आतून राखाडी धुळीचा गोळाच निघाला.

“काका, कुठं राहता? बिल्डिंगची कामं चालू आहेत का?”

“करंजाड्याला. चारी बाजूला.”

“वाटलंच. पंख्यात सिमेंट बसलंय. पेटी तापली की ती स्वतःला वाचवायला हळू होते.” तिने धूळ काढली, गेम चालू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणला. “हा बघा. एका सेकंदात किती चित्रं काढली जातात ते. एकट्याने चालवा.”

बाळारामने गाडी काढली. आकडा साठच्या आसपास. मग तिने त्याला ऑनलाइन, अनोळखी ट्रकांच्या गर्दीत नेलं. आकडा उतरू लागला. चाळीस. तीस. बावीस. गाडी ठेचकाळायला लागली.

“तरी कार्ड नवीन टाकलाय,” बाळाराम रागाने म्हणाला.

“कार्ड चांगलंच आहे. पण ते निम्मं बसून आहे. तुम्ही आधी काय करायचात, काका?”

“ट्रेलरवर होतो. कळंबोलीला.”

“मग सोपं आहे. हे कार्ड म्हणजे तुमच्या यार्डातला क्रेनवाला. माल उचलायचा, ठेवायचा. पण कुठली गाडी कुठं उभी करायची, काय कुठं जाणार, हे कोण सांगतं?”

“ऑफिस.”

“ऑफिसातला एक माणूस. तो म्हणजे प्रोसेसर. एकट्याने खेळता तेव्हा त्याला पुढचं बरंचसं आधीपासून ठाऊक असतं, तोच सगळं ठरवतो. ऑनलाइन गेलात की वीस माणसं वीस ठिकाणांहून आपापल्या मर्जीने गाड्या फिरवतात. प्रत्येकाची खबर सेकंदाला कितीतरी वेळा नेटवरून येते. ती उघडायची, ट्रक तिथं नेऊन ठेवायचा, दोन खबरींच्या मधे तो कुठं असेल याचा अंदाज बांधायचा, चाकं, धक्का, आवाज, दिवे. प्रत्येकाचा रंगवलेला ट्रक वेगळा, तोही मेमरीत आणायचा. वर हेडफोनचं बोलणं. यातलं बरंच काम एकाच माणसाला ओळीने करावं लागतं. त्याची लाईन तुंबली की क्रेनवाला हात बांधून उभा. मग तुम्ही कितीही दांडगा क्रेनवाला आणा.”

बाळाराम त्या उघड्या पेटीकडे बघत राहिला. इथेही आत कारकूनच बसलेला होता.

“आनि नेट?” त्याने विचारलं.

“नेट बिघडलं की दुसऱ्यांचे ट्रक उड्या मारतात. अख्खा पडदाच अडखळला तर बहुतेक वेळा आपली पेटी. तुमची मेमरी पण एकाच पट्टीवर चाललीय, दुसरी घालू. प्रोसेसर याच पेटीत बसेल असा थोडा नवा मिळेल. पण आधी ह्या आरशांचं बघा. चारही फुल ठेवलेत. प्रत्येक आरशासाठी तो सगळा रस्ता पुन्हा मांडायला लागतो. मागे वीस गाड्या असल्या तर त्या पण. हे कमी करा, दोन बंद करा.”

“आरसे बंद?” बाळाराम खुर्चीतून उठला. “ड्रायवरला आरसे बंद करायला सांगता? माझा डावा डोला आधीच गेलाय, बाई.”

मनस्वीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंदिनी हसली नाही. “बरं. मग दोन मोठे ठेवू. झाडं कमी करू, सावल्या कमी करू. बोलायला मोबाइल घ्या, संगणकावरून नको. जे खरंच लागतं तेवढंच ठेवायचं.”

तिने मेमरीची दुसरी पट्टी आणि थोडा नवा प्रोसेसर बसवला, मग पडद्यावरची झाडं पुठ्ठ्याची झाली. डोंगराचा हिरवा ढीग झाला. आणि बाळारामच्या डोळ्यांपुढे ती कोपऱ्यातली जुनी पेटी, तो टेकवलेला मोबाइल, ते धुरकट आरसे उभे राहिले. शेखरभाऊने हे कोणाला न विचारता, एकेक गोष्ट बंद करून बघत शोधलं असणार. त्या दिवशी सगळं समोर मांडलेलं होतं, आणि आपण मात्र पुठ्ठ्याच्या झाडांना मनात नावं ठेवत बसलो.

वाटेत स्कूटीवर मनस्वी म्हणाली, “झालं ना आता?”

“यंत्राचा झाला.”

संध्याकाळी तो चंद्रशेखरकडे गेला. या वेळी पेढे नेले नाहीत. मालतीबाईने दार उघडलं, “या” म्हणाली, भावजी म्हणाली नाही. चंद्रशेखर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होता. संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकलेला होता.

“शेखरभाऊ, चुकला माझा.”

चंद्रशेखरने शेंगा सोलणं थांबवलं नाही. “काय चुकलं? खोटं थोडंच बोललात?”

“खरा असला तरी तसा बोलायला नको हुता. पोरांच्या म्होरं.”

“मला शिक्के मारल्याचं काही नाही वाटत, बाळारामशेठ. शिक्के मारूनच पोरं शिकवली.” त्याने मूठभर टरफलं बाजूला केली. “पण मी तुम्हाला बोलावलं तेव्हा मला वाटलं, चला, आता खरा ड्रायव्हर येतोय, आपली गाडी बघेल, बरी म्हणेल. तुम्ही घरी आलात तेव्हा मी लहान पोरागत लावून दाखवली. तुम्ही ‘चांगला हाय’ म्हणून निघून गेलात. चहासुद्धा अर्धा ठेवलात.”

 जे होतं तेच बाळाराम बोलला. “तुमचा बगून माझा जीव जळायचा. अजून जळतो.”

चंद्रशेखरने पहिल्यांदा वर पाहिलं. मग शेंगांची परात त्याच्याकडे सरकवली. दोघं परात रिकामी होईपर्यंत सोलत बसले. निघताना चंद्रशेखर म्हणाला, “येईन रविवारी. पण पुढं मी राहणार नाही. ते कॅप्टन-बिप्टन आता नको.”

रविवारी लाईन पुन्हा जमली. सनीला म्होरक्या केलं. चंद्रशेखर मधे, बाळाराम त्याच्या मागे. अठरा गाड्या होत्या आणि बाळारामचा पडदा एकदाही थिजला नाही. ज्या कठड्याला त्याने इतके रविवार धडका दिल्या होत्या तो बाजूने सरकत मागे गेला. सनी ओरडला, “काका, आज काय खाऊन आलाय?” सगळे हसले, आणि या वेळी बाळारामही खरोखर हसला.

शेवटच्या यार्डात ट्रेलर उलटे लावायचे होते, दोन भिंतींच्या मधे. चंद्रशेखरचा नंबर आधी आला. त्याने गाडी जराशी तिरकी घेतली, थांबला, आणि एका दमात आत घातली. बाळाराम बघत होता. यात आता यंत्राचा दोष काढता येणार नव्हता. गाडी सुबक लागली होती, बस.

मग त्याचा नंबर आला. चाळीस फुटी ट्रेलर डोळे मिटून लावणारा माणूस तो. पण इथे बुडाखाली काही हलत नव्हतं. चाक खड्ड्यात गेलं, ट्रेलर जड झाला, वळायला लागला, यातलं काहीच अंगाला कळत नव्हतं. नुसतं डोळ्यांनी चालवायचं होतं, आणि डोळा तर एकच. ट्रेलर भिंतीला लागला. पुन्हा पुढे घेतला, पुन्हा लागला. कोणीतरी हसायला लागलं.

“हसू नका रे,” चंद्रशेखर म्हणाला. “त्यांना घेऊ द्या सावकाश.”

हशापेक्षा ते जास्त झोंबलं. बाळारामने ट्रेलर वाकडातिकडा कसाबसा आत ढकलला, “बरंय” म्हणून मोबाइल बंद केला आणि खुर्चीवर तसाच बसून राहिला. येसूबाई ओल्या हातांनी दारात आली.

“अडकली का पुन्हा?”

“नाय. एकदम झक्कास चालली.”

“मंग तोंड का असा?”

“त्यानं एका दमात लावली. मी चार येळा घेतली तरी वाकडी.”

“मंग आता काय, त्याच्याशी बोलायचा नाय?”

 बाळाराम उठला, चष्मा पुसला, दारामागची चप्पल पायात सरकवली.

“कुठं चाललाव? भात झालाय.”

“ठेव झाकून. शेखरभाऊकडं जातो. ट्रेलर उलटा कसा घालतो ता बगतो जरा.”

आणि तो जिना उतरून नव्या सोसायटीच्या दिशेने चालू लागला. पोटातली आग तशीच होती, पण या वेळी त्याने रस्त्याची बाजू बदलली नाही.